चाक जमिनीवर राहावं म्हणून

नील आणि सई, तुम्ही दोघं नातवंडं ऑस्ट्रेलियात आणि मी रत्नागिरीत, म्हणून हे लिहून पाठवते आहे. दिवाळी अंकाच्या संपादकांनीही माझ्याकडे वर्कशॉपमधले अनुभव मागितले होते. दोन वेगळे लेख लिहिण्याइतका उत्साह आता राहिलेला नाही, तेव्हा एकच लिहिते. तुम्ही वाचा, आणि इथल्या लोकांनीही वाचावं. इथल्यांनी का, ते पुढे येईल.

नील, तू जुनी जीप घेतल्याचं सांगायला फोन केलास. म्हणालास, "आजी, चारही चाकांना पाटे आहेत. मोठ्या दगडावर गेली की एक चाक हवेत राहतं आणि गाडी अडते. आजोबा काय करायचे अशा गाडीला?" मला फार बरं वाटलं. मग तू म्हणालास, "बाबांनी सांगितलंय मला, आजोबा एकदा ब्रेकचा होज विसरले होते. मी नाही विसरणार." सई मागे हसली. मी "जेवलास का?" असं काहीतरी विचारलं आणि फोन ठेवला.

तुझ्या दोन्ही बोलण्यांना उत्तर द्यायचं आहे. आधी पाट्यांचं देते.

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचं पाट्यांचं वर्कशॉप होतं. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते आणि लग्नाआधी दोन वर्षं शाळेत शिकवलं होतं. तुमच्या आजोबांच्या हातात कला होती, पण गाड्यांची माहितीपुस्तकं इंग्रजीत, आणि इंग्रजीशी त्यांचं कधी जमलं नाही. एकदा जेवताना त्यांनी ताटाशेजारी पुस्तक उघडून ठेवलं. "हे काय म्हणतंय, बघ गं जरा." मी वाचून सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुसरं पान. महिनाभर रोज आमटी गार व्हायला लागली, तेव्हा मीच वर्कशॉपमध्ये एक टेबल टाकून घेतलं. पुढची तीस वर्षं त्या टेबलाशी गेली. टेबलाशी म्हणजे अर्धा वेळ. उरलेला अर्धा वेळ गाडीखाली.

पाटे म्हणजे पोलादाच्या जाड पट्ट्या. सगळ्यात लांब पट्टी वर, तिच्याखाली तिच्याहून आखूड, तिच्याखाली आणखी आखूड, आणि सगळ्या मिळून एक कमान. वरच्या पट्टीची दोन्ही टोकं गोल वळवलेली असतात, त्यांतून ती गाडीच्या सांगाड्याला अडकते. कमानीच्या पोटाशी चाकांचा आस आवळलेला असतो. गाडीवर वजन आलं की कमान चपटी होते, आणि चपटी झाली की लांब होते. त्या वाढीला जागा मिळावी म्हणून एका टोकाला झोपाळ्यासारखी हलणारी कडी असते, तिला शॅकल म्हणतात. एवढंच आहे ते. शंभर वर्षांपूर्वीच्या टांग्यालाही हेच होतं.

ट्रकसाठी पाटे कडक लागतात. आडवाटेच्या जीपला ते लवचिक हवेत. एक चाक दगडावर चढलं की दुसऱ्याला खड्ड्यात पार खाली उतरता आलं पाहिजे. उतरता आलं नाही तर ते अधांतरी गरगर फिरतं, आणि इंजिनाची सगळी ताकद त्या रिकाम्या चाकात वाया जाते. गाडी जागची हलत नाही.

मऊ आणि कडक यांचं भांडण कोणालाच चुकत नाही. पूर्णगडच्या शेवंतीबाई मासळीचा व्यापार करायच्या. त्या पिकअप घेऊन आल्या आणि आजोबांना म्हणाल्या, "भाऊ, पाटे असे मऊ कर, की माझी सुरमई गाडीत झोपून गेली पायजे."

"सुरमई मेलेली असते मावशी, ती झोपलेलीच असते."

"मेलेली हाय ते मला म्हायती. गिऱ्हाईकाला ताजी दिसाय पायजे ना!"

आजोबांनी एक पाटा काढला आणि बजावलं, आता बर्फ कमी भरा. आठ दिवसांत पिकअप परत, मागून जमिनीला टेकलेली. बाई माझ्या टेबलासमोर उभ्या राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बाय, तुझा नवरा सुरमईला झोपवतो बोल्ला, त्याने गाडीच झोपवलान!" कामगार दोन दिवस हसत होते. काढलेला पाटा आजोबांनी निमूट परत चढवला.

आता तुझ्या जीपविषयी. जाड आणि थोडे पाटे असतील, तर त्यांच्या जागी पातळ आणि जास्त पाटे घाल. वजन तेवढंच पेलतात, पण वाकतात जास्त. प्रत्येक पाटा सुटा करून गंज खरवडून काढायचा, कडा घासून गोल करायच्या, टोकांखाली नायलॉनच्या चकत्या बसवायच्या. पाटे एकमेकांवर घसरले पाहिजेत. गंजलेले पाटे एकमेकांना धरून बसतात आणि मग सात पाट्यांचा एकच ओंडका होतो. पाट्यांना एकत्र बांधणाऱ्या क्लिपा असतात, त्या सैल ठेवायच्या, म्हणजे चाक खाली जाताना पाटे पंख्यासारखे उघडतात. शॅकल थोडी लांब, पण थोडीच. शॉकअब्सॉर्बर लांब, नाहीतर पाटे मोकळे करूनही चाक त्याच्यापाशीच अडेल. आणि चाक पूर्वीपेक्षा खाली जाणार, तेव्हा चाकाकडे ब्रेकचं तेल नेणारी रबरी नळी, म्हणजे होज, तितका पुरला पाहिजे. आजोबा होज धरणारं ब्रॅकेट खाली आणून बसवत. तेवढ्याने भागलं नाही तर लांब होज घालत.

काम झालं की परीक्षा. वर्कशॉपच्या मागे आम्ही जांभ्या दगडाच्या चौकोनी चिऱ्यांची पायऱ्यांसारखी रास लावली होती. एक चिरा साधारण वीतभर उंच. पुढचं एक चाक एका चिऱ्यावर चढवायचं, मग दोनवर, मग तीनवर. बाकीच्या तीन चाकांखाली वर्तमानपत्राची पानं सरकवलेली असत. मी वाकून एकेक पान ओढून बघायची. निघालं तर चाक उचललं गेलं, अडकून राहिलं तर चाक जमिनीवर. आमच्याकडे गाडीची लवचिकता चिऱ्यांत मोजत. "तुझी किती चिऱ्यांची?" असं पुण्याहून येणारे जीपवालेसुद्धा एकमेकांना विचारायला लागले होते.

परीक्षेसाठी मी एक कार्ड छापून घेतलं होतं, चौदा ओळींचं, प्रत्येक ओळीपुढे खुणेची चौकट. अकरावी ओळ अशी होती: चाक पूर्ण खाली, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून होज तपासला. वळवल्यावर चाक फिरतं आणि होजला आणखी ओढ बसते, म्हणून. पण गाडी चिऱ्यांवर असताना स्टिअरिंग वळवलं, की टायर चिऱ्याच्या कडा खरवडतो. जांभा मऊ. कडा ढासळायच्या, कधी अख्खी रास सरकायची, आणि मग दोन माणसं लावून ती पुन्हा रचावी लागायची. रास वाकडी झालेली मला खपत नसे. तुमच्या आईला विचारा, फडताळातले डबे एका रेषेत नसले तर अजूनही माझं काय होतं.

यशवंत हा संगमेश्वरच्या पुढे डोंगरातल्या एका वाडीचा. वाडीतली एकमेव गाडी त्याची, जुनी जीप. शाळेची मुलं, तांदूळ, आजारी माणसं, सगळं त्याच जीपमधून खाली यायचं. आजोबांची आणि त्याची चांगली दोस्ती. तो आला की आजोबा हातातलं काम टाकून त्याच्याबरोबर चहाला जायचे आणि तासभर परत यायचे नाहीत. वाटेत एक वहाळ, म्हणजे ओढा होता, मोठमोठ्या धोंड्यांचा. तिथे जीपचं एक चाक हवेत लटकायचं, आणि गाडी हलकी करायला सगळ्यांना उतरावं लागायचं. यशवंतच्या आईला दम्याचा त्रास. महिन्यातून दोनदा तिला दवाखान्यात न्यायचं, आणि प्रत्येक वेळी तिने त्या धोंड्यांवरून चालत वहाळ ओलांडायचा.

"दादा," तो आजोबांना म्हणाला, "बाकी काय नको. तेवढी गाडी अशी करा, की आयेला खाली उतराय नको."

आजोबा हसले. "तुझी आई माझ्या गाडीतून उतरणार नाही. राणीसारखी बसून राहील."

"राणी कसली वो, बिडी ओढते ती. दम्याचा औषध घेते नि वर बिडी ओढते."

आजोबांनी त्या जीपवर बारा दिवस काम केलं. पाटे स्वतः निवडले, एकेक स्वतः घासला. तेराव्या दिवशी परीक्षा होती. त्याच वेळी भट्टीत एका ट्रकचा पाटा तापत होता. पाटा तापला की तो सोडून जाता येत नाही, एक क्षण उशीर झाला तर पोलाद बिघडतं. म्हणून आजोबा भट्टीपाशी राहिले, स्टिअरिंगवर यशवंत बसला आणि मी खाली कागद ओढायला. रास मी आदल्याच दिवशी नव्याने रचून घेतली होती. आणखी दोन जीपा परीक्षेसाठी रांगेत होत्या.

एक चिरा. दोन. तीन. मी पान ओढलं, फाटलं, पण निघालं नाही. बाकीची तिन्ही चाकं जमिनीला चिकटलेली. यशवंत वरून ओरडला, "वयनी, कागद?"

"फाटला!"

"अरे वा! फाटला म्हंजे पास!"

मी वाकून होज पाहिला. दोन बोटं सैल होता. यशवंतने इतरांच्या परीक्षा पाहिल्या होत्या, त्याने विचारलं, "वयनी, वळवू काय?"

मी म्हटलं, "नको. चिरे ढासळतील."

तो गाडी मागे घेऊ लागला. मी कार्डावर खुणा करत गेले, अकराव्या ओळीवरही केली. तेवढ्यात आजोबांनी भट्टीपासून आवाज दिला, "वळवून बघितलंस?"

मी म्हटलं, "हो."

दुसऱ्या दिवशी यशवंतचा फोन आला. "दादा, आये बसून आली! वहाळात कोन पन उतरला नाय!" मागून म्हातारीचा खोकण्याचा आणि हसण्याचा आवाज येत होता. आजोबांनी तो फोन मला ऐकवला. मग कामगारांनाही ऐकवला.

दीड महिन्याने तो होज तुटला. वहाळाच्या वरच्या अंगाला एक आवळ वळण आहे, तिथे डावं चाक घळीत उतरतं तेव्हाच स्टिअरिंग पूर्ण वळवावं लागतं. प्रत्येक फेरीला होज ताणला जात होता, आणि एक दिवस टोकाशी फाटला. जुन्या गाडीत चारही चाकांच्या ब्रेकचं तेल एकाच वाटेने फिरतं. एक होज गेला की सगळेच ब्रेक गेले. गाडी उतारावर होती. हँडब्रेक पुरला नाही. यशवंतने डोकं शांत ठेवून गाडी डोंगराच्या अंगावर घातली, म्हणून ती दरीत न जाता कुशीवर पडली. आत सहा माणसं होती. पाच जणांना खरचटलं. त्याची आई डाव्या बाजूला बसली होती. तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ती पुन्हा चालली नाही, आणि पुढच्या गणपतीच्या आधी गेली.

आजोबा अपघाताच्या दुसऱ्या दिवशी जीप पाहायला गेले. परत आले तेव्हा हातात होजचा तुकडा होता. तो त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, "वळवलं नव्हतं ना?"

मी मान हलवली. चिरे ढासळले असते, असं काहीतरी मी म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला. माझ्यावर ते कधी ओरडले नव्हते, तेव्हाही ओरडले नाहीत. मी म्हटलं, "मी येते यशवंतकडे. मी सांगते."

"गाडी माझ्या हातून गेली," ते म्हणाले. "मिस्त्री मी आहे."

ते एकटे गेले आणि सांगून आले, "होज आखूड राहिला, चूक माझी." यशवंत म्हणाला, "दादा, माज्या दारात परत येऊ नका." ही गोष्ट वसाहतीत पसरली, गॅरेजवाल्यांत पसरली, आमच्या घरात पसरली. तुमच्या बाबांनाही हीच माहीत आहे. मी ती दुरुस्त केली नाही. आजोबांनी नको म्हटलं म्हणून गप्प बसले, असं मी स्वतःला कित्येक वर्षं सांगत होते. ते खरं नाही. ते "मिस्त्री मी आहे" म्हणाले, तेव्हा मला आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं होतं. सगळी वसाहत मला काटेकोर म्हणायची. ते नाव मला सोडवलं नाही.

त्यानंतर आजोबांनी जीपचे पाटे मोकळे करण्याचं काम बंद केलं. पुण्याचे लोक यायचे, विनवण्या करायचे. ते म्हणायचे, "आता जमत नाही." वय पन्नासही नव्हतं. पुढे फक्त ट्रकचे तुटलेले पाटे. ते कोणीही करू शकतं. चिऱ्यांची रास तशीच होती, तिच्यात गवत उगवलं. मी कार्डं छापणं सुरू ठेवलं आणि चौदा ओळी तशाच ठेवल्या. कशासाठी, मला सांगता येणार नाही.

सहा वर्षांपूर्वी आजोबा गेले. वसाहत लोटली होती, घाटावरून ट्रकवाले आले होते. यशवंत आला नाही. मी दाराकडे बघत होते.

नील, तुझा फोन झाल्यावर मी चार दिवस थांबले. तुम्हाला लिहिण्याआधी ज्याला सांगायला हवं होतं त्याला सांगावं, असं ठरवलं. सकाळची एसटी घेऊन संगमेश्वर, तिथून रिक्षा. आता वाडीपर्यंत डांबरी रस्ता आहे, वहाळावर पूल झाला आहे. कोणाला उतरावं लागत नाही.

यशवंत अंगणात काजूच्या बिया वाळत घालत होता. केस पिकलेत. मला पाहून उठला. "वयनी? या, या. एकट्याच आलात?" त्याने खुर्ची आणली, सुनेला चहा ठेवायला सांगितला, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. आजोबांचं नाव त्याने काढलं नाही. चहा येण्याआधी मी सांगून टाकलं. सगळं, क्रमाने, जसं वर लिहिलं आहे तसं. चिरे, खूण, भट्टीपासून आलेला प्रश्न आणि मी दिलेलं उत्तर.

तो बराच वेळ बियांवरून हात फिरवत राहिला.

"मीच व्हतो स्टेरिंगवर," तो म्हणाला. "मीच इचारला तुमाला, वळवू काय. तुमी नको बोल्लात. हे मला म्हायती व्हता वो वयनी, सगळा म्हायती व्हता. तरी दादा बोल्ले चूक माजी, नि मी धरून बसलो."

मी म्हटलं, "चूक तुमची नाही."

"दादा नंतर तीन खेपा आले," तो म्हणाला. हे मला माहीत नव्हतं. मला ते 'माल बघायला' म्हणून सांगून जात. "तिसऱ्या खेपेला त्या तिथं बांधावर बसले. दोन तास. भर उन्हात. मी खिडकीतून बघत व्हतो. बायको बोल्ली पानी तरी देते. मी तिला जाऊ दिला नाय."

सून चहा घेऊन आली, आमच्याकडे बघून कप ठेवून आत गेली.

"मला आता ह्या कशाला सांगितलात?" यशवंत म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "तुमी सांगितलात, तुमाला बरा वाटला. माजा काय? इतकी वर्सं एका मान्सावर राग धरला, तेवढा तरी व्हता माज्याकडे. आता मी कोनाकडे जाऊ? दादा हाईत कुठं?"

क्षमा मागायला गेले होते, तो शब्द तोंडातून निघेना. निघाला असता तरी तो कोणासाठी होता, ते यशवंतने आधीच सांगून टाकलं होतं.

चहा प्यायले. त्याने घेतला नाही. मी उठले तेव्हा तोही उठला, माझी पिशवी उचलली आणि फाट्यापर्यंत माझ्याबरोबर चालत आला. गुडघ्यांमुळे मला वेळ लागत होता, तो माझ्या चालीने चालला. गाडी यायला पाऊण तास होता. तो थांब्याच्या फरशीवर माझ्या शेजारी बसून राहिला, मध्ये पिशवी ठेवून. एसटी आली तेव्हा त्याने मला दंडाला धरून पायरी चढवली, पिशवी वर दिली, आणि कंडक्टरला म्हणाला, "म्हातारी हाय, सावकाश उतरवा."

मग तो वळला आणि चालायला लागला. बस वळेपर्यंत मी मागच्या काचेतून बघत होते. वाडीकडे जायच्या वाटेवर तो मध्येच थांबला आणि रस्त्याच्या कडेला, उन्हात, खाली बसला.